शिट्टी न होणारा कुकर

एप्रिल-मेच्या दुपारी कसारा घाटातून जाताना एक दृश्य बहुतेक वेळा दिसते. वळणाच्या कडेला गाडी उभी, बोनेट वर केलेले, आतून पांढरी वाफ. बायका-मुले सावली शोधत दगडावर बसलेली. घरातला कर्ता पुरुष मात्र गाडीच्या तोंडाशी उभा, एका हातात पाण्याची बाटली, दुसऱ्या हातात खिशातला रुमाल. तो आता काय करणार हे लांबूनही ओळखता येते. तो रेडिएटरचे झाकण उघडणार आहे.

याच माणसाने सकाळी घरी, कुकरची तिसरी शिट्टी होऊन गेल्यावर लगेच झाकणाला हात घातला असता तर बायको स्वयंपाकघरातून ओरडली असती, “अहो, वाफ तरी जाऊ द्या!” आणि त्याने निमूटपणे हात मागे घेतला असता. घाटात तीच बायको गप्प बसते. गाडी म्हणजे पुरुषांचा मामला, त्यातले आपल्याला काय कळते, असे तिला वाटते. मला विचाराल तर त्या क्षणी तिथे सगळ्यात जास्त तिलाच कळते. म्हणून या महिन्याचा लेख गाडी चालवणाऱ्यांइतकाच शेजारच्या आणि मागच्या सीटवर बसणाऱ्या बहिणींसाठी आहे.

थोडे विज्ञान पाहू. वर्गात मी हा धडा कुकरवरूनच शिकवते. उघड्या पातेल्यातले पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते, हे सगळ्यांना पाठ असते. पण हा आकडा समुद्रसपाटीचा आहे. घाट चढून इगतपुरीला, म्हणजे सुमारे ६०० मीटर उंचीवर गेलो की हवेचा दाब कमी होतो आणि पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळू लागते. उलट पाण्यावर दाब वाढवला तर ते उशिरा उकळते. कुकरमध्ये नेमके हेच होते. आत जवळपास एक किलोचा जादा दाब तयार होतो, पाणी १२० अंशांपर्यंत तापते तरी खळखळत नाही, आणि म्हणून पाऊण तासाची डाळ दहा मिनिटांत शिजते.

दाबाखाली शिजवण्याचे भांडे पहिल्यांदा १६७९ मध्ये दनी पापाँ या फ्रेंच संशोधकाने लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे ठेवले. हाडे मऊ करण्यासाठी ते त्याने बनवले होते. नल्ली-निहारी करणाऱ्या घरांना त्याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. भांडे फुटू नये म्हणून त्याने जादा वाफ सोडून देणारी झडपही लावली. आपोआप उघडणाऱ्या-मिटणाऱ्या झडपांचा विचार त्याहूनही जुना आहे. नवव्या शतकात बगदादमध्ये बनू मूसा या तीन भावांनी ‘किताबुल हियल’ नावाच्या ग्रंथात अनेक चमत्कारिक यंत्रांचे वर्णन केले, त्यांत शंकूच्या आकाराच्या झडपा आहेत. यावरून लगेच कोणी “रेडिएटरचा शोध मुसलमानांनी लावला” असा संदेश मोबाइलवर पुढे ढकलू नये. तसे काही नाही. त्या भावांचे जे खरे काम आहे ते पुरेसे मोठे आहे, त्याला खोट्याची जोड नको.

आता गाडीकडे येऊ. इंजिनात इंधन जळते तेव्हा जी उष्णता निर्माण होते, तिचा एक हिस्साच चाके फिरवण्याच्या कामी येतो. बरीचशी उष्णता इंजिनाच्या धातूत राहते आणि ती बाहेर काढली नाही तर धातू वाकतो, घासतो, अडकतो. हे काम पाणी करते. पंप ते पाणी इंजिनाच्या आतल्या वाटांतून फिरवतो, तापलेले पाणी वरच्या रबरी पाइपने रेडिएटरमध्ये येते, बारीक नळ्यांतून खाली उतरताना समोरच्या वाऱ्याने आणि पंख्याने निवते, आणि पुन्हा इंजिनात जाते. गाडी सुरळीत चालत असतानाही हे पाणी ९० अंशांच्या आसपास असते. चढावर, उन्हात, भरलेल्या गाडीत ते १०५-११० अंशांवर सहज पोचते. म्हणजे साधे उघडे पाणी असते तर ते केव्हाच उकळले असते. आणि उकळणे वाईट का? कारण वाफेचा बुडबुडा धातूची उष्णता पाण्यासारखी उचलू शकत नाही. जिथे बुडबुडे साचतात तिथला धातू कोरडा पडल्यासारखा तापतो. हेड वाकते, गॅसकेट उडते आणि हजारो रुपयांचे काम निघते.

ते पाणी उकळू न देण्याची जबाबदारी रेडिएटरच्या वरच्या कॅपवर असते. तळहातावर मावेल एवढी, काहीशे रुपयांना मिळणारी ही वस्तू. बहुतेक लोकांना ती तेलाच्या डब्याच्या झाकणासारखी वाटते, पाणी सांडू नये म्हणून लावलेली. प्रत्यक्षात ती झाकणही आहे आणि कुकरची शिट्टीही. फरक इतकाच की तिला आवाज नाही. कुकर आत दाब भरल्याचे शिट्टी देऊन सांगतो. रेडिएटर काहीच सांगत नाही.

थंड गाडीची कॅप काढून एकदा उलटी करून पाहा. (थंड म्हणजे रात्रभर उभी असलेली. सकाळी फजरनंतर पाहिली तर सगळ्यात उत्तम.) मध्ये एक जाड स्प्रिंग दिसेल आणि तिच्या टोकाला रबराचे वॉशर. ही स्प्रिंग ते वॉशर रेडिएटरच्या गळ्यात दाबून धरते. आतला दाब ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला की वॉशर उचलले जाते आणि जादा पाणी बाजूच्या बारीक नळीने प्लास्टिकच्या रिझर्व्ह बाटलीत जाते. कॅपवर लिहिलेला आकडा म्हणजे हीच मर्यादा. जपानी बनावटीच्या अनेक गाड्यांवर तो ०.९ किंवा १.१ असतो, काही गाड्यांवर १.४ सुद्धा. ०.९ ची कॅप पाण्याला साधारण ११८ अंशांपर्यंत उकळू देत नाही, १.१ ची साधारण १२२ पर्यंत. त्यात कूलंट मिसळलेले असेल तर मर्यादा आणखी वर जाते.

वॉशरच्या बरोबर मध्यभागी एक छोटीशी पितळी किंवा स्टीलची बटणासारखी झडप असते. तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. तिचे काम उलट्या दिशेचे. इंजिन निवू लागले की आतले पाणी आकसते, आत पोकळी तयार होऊ लागते, आणि ती पोकळी ही छोटी झडप ओढून उघडते. मग रिझर्व्ह बाटलीत गेलेले पाणी त्याच नळीने परत आत खेचले जाते. दिवसभर गेलेले रात्री घरी परतते, असा तो हिशेब. ही झडप अडकली तर दोन गोष्टी होतात. बाटली भरत जाते आणि रेडिएटर मात्र रिकामा होत जातो, किंवा आतल्या पोकळीमुळे वरचा रबरी पाइप सकाळी चपटा झालेला दिसतो. पाइप चपटा दिसला म्हणून लोक नवा पाइप टाकतात. आठ दिवसांनी तोही चपटा. दोष पाइपात नव्हताच.

शहापूरच्या एका जुन्या मिस्त्रींना मी विचारले होते की तापलेल्या गाड्यांत नेमके काय बिघडलेले असते. ते म्हणाले, “टीचर, पहिल्यांदा मी कॅप बघतो. लोक म्हणतात रेडिएटर बदल, पंप बदल. मी म्हणतो आधी हे वॉशर बघ, कसं सुकलंय.” पंधरा-वीस वर्षे घाटातल्या गाड्या हाताळलेल्या माणसाचे हे बोलणे मला मोलाचे वाटते. गाडी तापण्याची कारणे पुष्कळ आहेत. पंखा बंद पडतो, थर्मोस्टॅट अडकतो, रेडिएटरच्या नळ्यांत क्षार साचतो, कुठेतरी गळती असते. कॅप हे त्यातले एकच कारण. पण तपासायला सगळ्यात सोपे आणि बदलायला सगळ्यात स्वस्त कारण तेच आहे, आणि नेमके तेच शेवटी तपासले जाते.

मग कसाऱ्यालाच हे जास्त का घडते? घाट कसा आहे ते रेल्वेला विचारावे. १८६५ मध्ये थळ घाटातून इगतपुरीपर्यंत रेल्वे पोचली तेव्हापासून आजतागायत कसाऱ्याला गाडीला मागून जादा इंजिने जोडावी लागतात, कारण दर ३७ फुटांमागे १ फूट असा चढ आहे. सुमारे ३०० मीटर उंची थोड्याशा अंतरात चढायची. रस्त्याने जाणाऱ्या गाडीला मागून ढकलणारे कोणी नसते. ती खालच्या गिअरमध्ये, मोठ्या आवाजात, हळू चढते. इंजिन जोरात फिरते, उष्णता जास्त निर्माण होते, आणि वेग कमी असल्याने समोरून वारा मात्र कमी लागतो. त्यात पुढे कंटेनर रांगत असतो. एसी चालू. पाच जणांच्या गाडीत सात जण, टपावर सामान, लग्नाची भांडी. शहापूर तालुक्यात मेमध्ये पारा चाळिशीला टेकलेला. बरी असलेली कॅप हे सगळे सोसते. सुकलेल्या वॉशरची कॅप लतीफवाडीच्या पुढे धीर सोडते.

जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला आणि सुमारे आठ किलोमीटरच्या बोगद्यातून घाट टाळून जाता येऊ लागले. ज्यांना परवडते त्यांची सोय झाली. पण कसारा स्टेशनात लोकल संपते तिथून जीप आणि व्हॅनने नाशिकला जाणारे हजारो लोक, मालाचे टेंपो, आणि टोल वाचवणारी आपल्यासारखी कुटुंबे अजून जुन्या वाटेनेच चढतात.

आता त्या रुमालवाल्या भावाकडे परत जाऊ. समजा आतले पाणी ११० अंशांवर आहे आणि रेडिएटर-इंजिनात मिळून पाच लिटर पाणी आहे. कॅप जागेवर आहे तोपर्यंत ते शांत आहे. त्याने कॅप फिरवली की दाब एका क्षणात जातो. आता हे पाणी ११० अंशांवर पाणी म्हणून राहूच शकत नाही. त्याच्यातली जादा उष्णता काही पाण्याची तत्काळ वाफ करते. मी वर्गात हे गणित मुलांकडून करून घेते. उत्तर येते सुमारे ९० ग्रॅम, म्हणजे अर्धा कप पाणी. मुलांना वाटते, एवढेच? मग पुढची पायरी. अर्ध्या कप पाण्याची वाफ होते सुमारे दीडशे लिटर. घरातला मोठा पिंप भरून वाफ, एका सेकंदात, दोन बोटांच्या तोंडातून, आणि ती उरलेले उकळते पाणी सोबत घेऊन निघते. समोर वाकून पाहणारा चेहरा असतो. रुमालाने काही होत नाही. रुमाल भिजतो आणि हाताला चिकटून राहतो.

मागच्या रमजानात आमच्या शाळेतल्या एका मुलाच्या वडिलांच्या बाबतीत हेच झाले. ते कसारा-नाशिक व्हॅन चालवतात. असर होऊन गेली होती, गाडीत सगळे रोजेदार, प्रत्येकाला इफ्तारपर्यंत घर गाठायचे. काटा लाल रेषेवर गेला तेव्हा त्यांनी गाडी बाजूला घेतली आणि पाच मिनिटांतच कॅप उघडली. उजवा हात, गळा आणि हनुवटीची एक बाजू भाजली. डोळे वाचले, अलहम्दुलिल्लाह. मागच्या सीटवरच्या एका खालांनी मायेने आपल्या पिशवीतली टूथपेस्ट काढून सगळ्या जखमेवर लावली. नंतर दवाखान्यात ती पेस्ट साफ करताना त्यांना भाजल्यापेक्षा जास्त वेदना झाल्या, असे त्यांनी स्वतः मला सांगितले. दोन महिने व्हॅन बंद. ईदचे कपडे त्या घरात उधारीवर आले.

त्यांची घाई मला समजते. प्रवासी मागून ओरडत असतात, फोन वाजत असतो, सूर्य खाली जात असतो. पण इंजिन कोणाच्या इफ्तारसाठी लवकर निवत नाही. अर्धा तास तर हवाच, पाऊण तास बरा. प्रवासात रोजा सोडण्याची वेळ रस्त्यात आली तर खजूर आणि घोटभर पाणी रस्त्यातही चालते. आपल्या दीनने मुसाफिराला जितक्या सवलती दिल्या आहेत तितक्या क्वचितच कोणाला दिल्या असतील. उंट आधी बांधावा आणि मग तवक्कल करावा ही हदीस आपण प्रत्येक बयानात ऐकतो. सफरची दुआ पढून निघालेल्या माणसाने निघण्याआधी बोनेट उघडून पाहिले असेल तर त्या दुआला बाध येत नाही.

काटा वर चढताना दिसला की पहिल्यांदा एसी बंद करावा. मग, ऐकून विचित्र वाटेल, पण हीटर पूर्ण चालू करावा आणि काचा खाली घ्याव्यात. हीटर ही एक छोटी रेडिएटरच असते. ती इंजिनाची थोडी उष्णता आत ओढून घेते. मुले कुरकुरतील, कुरकुरू द्यावी. तरीही काटा लाल रेषेला लागला किंवा वाफ दिसली तर जागा मिळेल तिथे बाजूला घेऊन इंजिन बंद करावे. घाटात जागा निवडताना वळण टाळावे, चारही दिवे लुकलुकते ठेवावेत, आणि सगळ्यांना गाडीतून उतरवून रस्त्यापासून लांब, कठड्याच्या आतल्या सुरक्षित बाजूला बसवावे. गाडीच्या मागे कोणी उभे राहू नये. घाटात गरम पाण्याइतकीच मागून ब्रेक न लागता येणाऱ्या ट्रकची भीती असते.

त्यानंतर बोनेट उघडायचे, एवढेच. वाफ येत असेल तर तेही थांबून. आणि मग काहीच करायचे नाही. पुरुषमंडळींना हे सगळ्यात अवघड जाते. हात रिकामे ठेवणे त्यांना कमीपणाचे वाटते. अशा वेळी बहिणींनी आवाज चढवायला हरकत नाही. असर व्हायची असेल तर ती पढून घ्यावी. पाणी मोजकेच असेल तर ते पिण्यासाठी ठेवावे. वजूसाठी पाणी नसले तर तयम्मुमची सवलत आहेच.

पाऊण तासाने वरच्या रबरी पाइपला जाड कापडातून हळूच दाबून पाहावे. तो दगडासारखा घट्ट असेल तर आत दाब आहे, आणखी थांबावे. मऊ आणि कोमट लागला तर कोरडे, जाड, चार पदरी कापड कॅपवर ठेवावे. ओले नको, ओल्यातून उष्णता लगेच हाताला पोचते. चेहरा बाजूला वळवावा, मुलांना लांब पाठवावे, आणि कॅप पाव फेरा फिरवून पहिल्या खाचेवर थांबावे. सूंऽऽ असा आवाज आला तर तो पूर्ण थांबेपर्यंत हात हलवू नये. मग दाबून, फिरवून काढावी. पाणी एकदम ओतू नये. तापलेल्या लोखंडावर गार पाणी पडले की तडा जाऊ शकतो. इंजिन चालू ठेवून थोडे थोडे घालावे.

बऱ्याच नव्या गाड्यांत रेडिएटरवर कॅप नसते. बोनेटखाली पांढुरकी प्लास्टिकची टाकी असते आणि तिच्यावर आट्यांचे झाकण. दिसायला काच पुसण्याच्या पाण्याच्या बाटलीसारखीच. इथे लोक फार फसतात. पण ही टाकीच दाबाखाली असते, आणि झाकणावर दाबाचा आकडा किंवा हात भाजल्याचे चित्र छापलेले असते. तिलाही तोच नियम.

आणि समजा झालीच दुर्घटना. गाडीत पाच लिटर पाण्याचा कॅन आहे आणि माणसाचा हात भाजला आहे. ते पाणी रेडिएटरसाठी नाही, हातासाठी आहे. भाजल्यावर लगेच वीस मिनिटे साधे गार पाणी सतत सोडत राहणे, याच्यासारखा प्रथमोपचार नाही. बर्फ नाही, टूथपेस्ट नाही, हळद नाही, शाई नाही. अंगठी, घड्याळ, बांगड्या सूज येण्याआधी काढाव्यात. चिकटलेले कापड ओढू नये, फोड फोडू नयेत. नंतर स्वच्छ सुती कापड सैल झाकावे आणि १०८ ला फोन करावा. कसाऱ्याला प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, शहापूरला उपजिल्हा रुग्णालय. चेहरा, डोळे, हाताचा पंजा यांपैकी काही भाजले असेल तर “घरी जाऊन बघू” म्हणू नये.

देखभालीला वेळ लागत नाही. महिन्यातून एकदा, गाडी थंड असताना, रिझर्व्ह बाटलीतली पातळी दोन रेषांच्या मध्ये आहे का ते पाहावे. लांब प्रवासाआधी कॅप काढून वॉशरवर बोट फिरवावे. रबर मऊ असायला हवे. तडे, खाचा, कडकपणा दिसला तर नवी घ्यावी. मधली छोटी झडप नखाने ओढून सोडली तर ती चटकन परत बसली पाहिजे. रेडिएटरच्या गळ्याची कडही पुसून पाहावी, तिथे पोचा किंवा क्षाराचा थर असेल तर नवी कॅपही नीट बसणार नाही. कॅपच्या आजूबाजूला वाळलेले पांढरे-हिरवे डाग म्हणजे पाणी तिथून झिरपते आहे. आणि झाकणाखाली दुधाळ चहासारखा चिकट थर दिसला तर तो कॅपचा दोष नाही, तेल आणि पाणी एकत्र होते आहे. त्या दिवशी प्रवास रद्द करून मिस्त्री गाठावा. बऱ्याच गॅरेजमध्ये कॅपचा दाब तपासण्याचा हातपंप असतो. कूलंट बदलाल तेव्हा त्याने तपासून घ्यायला सांगावे.

नवी घेताना आकडा तोच हवा. “जास्तीची मजबूत” म्हणून ०.९ च्या जागी १.४ ची देणारे दुकानदार भेटतात. मग पाणी उशिरा उकळेल हे खरे, पण तो जादा दाब जुने पाइप आणि रेडिएटरची प्लास्टिकची बाजू सोसेलच असे नाही. कुकरच्या शिट्टीवर वजन ठेवण्यासारखेच ते. गळ्याची खोलीही वेगवेगळी असते, त्यामुळे वरून सारखी दिसणारी कॅप आत पोचतेच असे नाही. जुनी सोबत नेऊन मापावी. कॅप सैल झाली म्हणून तिच्याखाली सायकलच्या ट्यूबचा तुकडा किंवा प्लास्टिकची पिशवी दाबून बसवलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत. एका गाडीत तर लाकडाचा बूच होता. त्या गाडीत शाळेची मुले बसत होती.

पाणी कोणते घालावे, हाही प्रश्न येतो. विहिरीच्या-बोअरच्या पाण्यात क्षार असतात आणि ते नळ्यांत आणि कॅपच्या झडपेवर बसतात. अडचणीत कोणतेही स्वच्छ पाणी चालेल, पण नेहमीसाठी कंपनीने सांगितलेले कूलंटच हवे. आणि घाटाखालच्या पाड्यावर पाणी मागायला गेलात तर एवढे लक्षात असू द्या. तानसा आणि भातसा ही मुंबईची तहान भागवणारी धरणे याच शहापूर तालुक्यात आहेत, तानसा तर १८९२ पासून. तरी कसाऱ्याच्या आसपासच्या पाड्यांवर मेमध्ये बायका टँकरची वाट पाहत रांगेत उभ्या असतात. त्यांच्या हंड्यातले पाणी गाडीला मागण्यापेक्षा निघतानाच घरून कॅन भरून घ्यावा.

उरलेल्या कूलंटचे काय? ते गुलाबी, हिरवे किंवा निळे असते, सरबतासारखे दिसते आणि चवीला गोडसर लागते. ते विषारी आहे. थोडेसे पोटात गेले तरी मुलाच्या किडन्या निकामी होऊ शकतात. ते कधीही कोल्ड्रिंकच्या किंवा सरबताच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवू नये, रमजानात तर मुळीच नको. मूळ डब्यातच, झाकण घट्ट लावून, मुलांचा हात पोचणार नाही अशा उंच फळीवर ठेवावे. जमिनीवर सांडले असेल तर लगेच भरपूर पाण्याने धुऊन काढावे, कारण मांजरी ते चाटतात.